बेथ रफाएलची अडतीस रजिस्टरं

शुलामीथ वाक्रूळकर या बाईंची आणि माझी ओळख एका न सापडणाऱ्या रिपोर्टमुळे झाली. १९८१ साल होतं. पूर्व लंडनमधल्या बेथ रफाएल नावाच्या ज्यू हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून नुकतीच लागले होते. एका म्हाताऱ्या पेशंटचा जुना रिपोर्ट हवा होता. लॅबमधल्या कुणीतरी सांगितलं, "तळघरात जा. मिस वॉक शोधून देईल."

खाली उतरले तर एक लांबलचक खोली. छताला गरम पाण्याचे पाइप, चारही भिंतींना फायलींची कपाटं आणि टेबलाशी राखाडी कार्डिगन घातलेली, घट्ट अंबाड्याची, सावळी, बारकीशी बाई. मला ती केरळची ख्रिश्चन वाटली. मी इंग्रजीत विचारलं, तिने इंग्रजीत उत्तर दिलं आणि शिडी लावून वर चढली. वरच्या फळीवरून धुळीचा लोट खाली आला. ती स्वतःशीच पुटपुटली, "मेल्यांनी एक वस्तू जागेवर ठेवली असेल तर शपथ!"

मी खालून म्हटलं, "अय्या! तुम्ही मराठी?"

"आधी शिडी धर," वरून उत्तर आलं. "मग विचार काय ते."

त्या बेने इस्राएल होत्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांपैकी. जन्म माझगावचा, १९३१चा. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतार. आई गेली, मग वडील गेले. धाकटा भाऊ मनाशे इस्रायलला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर न जाता या १९६२मध्ये एकट्याच लंडनला आल्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "मला इंग्रजी येत होतं, हिब्रू फक्त प्रार्थनेपुरतं. नोकरी काय प्रार्थनेत मिळते?" दुसऱ्या वर्षी त्या बेथ रफाएलच्या रेकॉर्ड रूममध्ये लागल्या. वाक्रूळकर हे आडनाव तिथे कुणाच्याच तोंडी बसेना, म्हणून त्या 'मिस वॉक' झाल्या आणि शेवटपर्यंत तशाच राहिल्या.

नोकरीच्या पहिल्या दिवशीची एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. ऑफिसातल्या बाईने फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यात न विचारताच 'हिंदू' लिहिलं. यांनी दुरुस्त केलं. बाईने मान वर करून पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "खात्री आहे ना, डिअर?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? शेमा म्हणून दाखवली. देव एक आहे, ही आमची प्रार्थना. भाजीवाल्याला पाढे म्हणून दाखवावेत तशी." हे सांगताना त्या हसल्या नाहीत.

हॉस्पिटल उभं केलं होतं पोलंड-रशियातून आलेल्या गरीब ज्यू शिंप्या-चांभारांनी, दर आठवड्याला पेनी-पेनी गोळा करून. म्हातारे पेशंट यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, बोलत. कँटीनमध्ये कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेलं, जेवण असे. नर्सेस आयरिश, आफ्रिकन, जमैकन. त्या सगळ्यांत शुलाबाई कुठल्याच टेबलावर बसत नसत. ज्यू डॉक्टरांना त्या भारतीय वाटत, आम्हा भारतीयांना त्या ज्यू. दुपारी तळघरातच डबा खायच्या. मी अधूनमधून माझा डबा घेऊन खाली जायचे. त्यांच्या डब्यात नारळाच्या दुधातली मच्छी असायची, मला वास आवडायचा. एकदा मी म्हटलं, "शुलाबाई, तुमचे लोक आहेत ना लंडनमध्ये? सणाला वगैरे भेटता का?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आहेत. पूर्वी जायचे."

पुढचं मला हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी कळलं. हिलेल किहीमकर नावाचा एक गृहस्थ होता, पोस्टात टपाल वेगळं करण्याच्या कामावर. दोन वर्षं दोघं रविवारी भेटत. लग्न ठरल्यातच जमा होतं. १९६६ साली तो दोन महिन्यांच्या रजेवर मुंबईला गेला आणि बायको घेऊन परत आला. शुलाबाईंनी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. लंडनमधल्या बेने इस्राएल मंडळींच्या सणासमारंभांना जायचं मात्र यांनी बंद केलं, ते कायमचं.

१९८५मध्ये हॉस्पिटल बंद होणार असल्याची नोटीस लागली. ज्यू वस्ती उत्तरेकडे सरकली होती, इमारत गळत होती, हेल्थ ऑथॉरिटीला ती नको होती. आम्ही बाकीचे नव्या नोकऱ्या शोधू लागलो. शुलाबाईंना एक छापील यादी मिळाली: अजून उपचार चालू असलेल्या पेशंटच्या फायली दुसऱ्या हॉस्पिटलांना पाठवायच्या, आणि ज्यांच्या शेवटच्या भेटीला आठ वर्षं होऊन गेलीत ते कागद नष्ट करायचे. तळघराच्या मागच्या भिंतीला अडतीस जाडजूड रजिस्टरं होती. १९११ ते १९४८, दर वर्षाचं एक. हॉस्पिटल सरकारी होण्याआधीची. प्रत्येक पेशंटला अर्धं पान किंवा एक पान: नाव, वय, कुठून आला, कोणती भाषा, काय झालं होतं, नर्सने काय पाहिलं, बरा झाला की गेला. यादीत त्या रजिस्टरांपुढे लिहिलं होतं, 'डिस्पोज'.

त्यांनी तीन पत्रं लिहिली. हेल्थ ऑथॉरिटीला, हॉस्पिटलच्या जुन्या कमिटीला आणि एका ज्यू संस्थेला. एकाचं उत्तर आलं, त्यात त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल आभार मानले होते.

फेब्रुवारी ८६मध्ये एकदा मी खाली गेले तेव्हा त्या एक रजिस्टर उघडून बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी पानाच्या वरच्या भागावर टिपकागद ठेवला. पेशंटचं नाव झाकण्यासाठी. केसपेपरातलं नाव खोलीबाहेर जाता कामा नये, हा त्यांचा नियम होता, मग पेशंट मरून साठ वर्षं झालेली का असेनात.

"मीनल, तुझं मराठी चांगलं आहे ना?"

"म्हणजे काय! पुण्याची आहे मी."

"मग हे वाच. मला वाटतंय तेच आहे का सांग."

पान १९२८च्या नोव्हेंबरचं होतं. जहाजावरचा सुतार, वय एकतीस, मुंबईचा. गोदीत तापाने पडलेला सापडला. शेमा म्हणत होता म्हणून एका ज्यू हमालाने त्याला बेथ रफाएलला आणून टाकलं. न्यूमोनिया. भाषेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'यिडिश नाही. इंग्रजी चार शब्द. बाकी भाषा अज्ञात.' त्याखाली वॉर्डच्या सिस्टरचं तिरपं, सुबक अक्षर. त्या काळी छातीच्या रोग्यांना मोकळी हवा द्यायची म्हणून खिडक्या उघड्या ठेवत, त्याचीही नोंद होती: 'पलंग खिडकीपाशी हलवला.' आणि दुसऱ्या दिवसापासून रोज जवळजवळ एकच वाक्य. पेशंट 'वारा' नावाच्या कुणालातरी सारखा हाका मारतो. बहुधा पत्नी. 'वारा येतो, वारा येतो' असं म्हणतो आणि खिडकीकडे बोट दाखवतो. ती समुद्रापलीकडे आहे असं सांगत असावा.

मी वाचता वाचता थांबले.

"पुढे वाच," शुलाबाई म्हणाल्या.

पुढे टाचणीने एका पत्राची नक्कल लावली होती. पेशंटच्या घरची चौकशी करणारी जी बाई त्या वेळी हॉस्पिटलात असे, तिने जहाज कंपनीमार्फत मुंबईला लिहिलेलं पत्र, 'मिसेस वारा' यांना. तुमचे पती आजारी आहेत आणि सतत तुमची आठवण काढत आहेत. पत्राला उत्तर आल्याची नोंद नव्हती. सतराव्या दिवशी सिस्टरने लिहिलं होतं: 'आज त्याच्या उशाशी बसून मी त्याच्याच शब्दांत त्याला सांगितलं, वारा येतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटतं त्याला धीर आला.' एकोणिसाव्या दिवशी तो गेला.

पाइपांतून पाण्याचा खळखळ आवाज येत होता.

"खिडकी लावा म्हणत होता गं तो," शुलाबाई म्हणाल्या. "एवढंच. थंडी वाजत होती त्याला. आणि बिचारी ती सिस्टर! वाईट नव्हती ती. रोज लिहिलंय तिने. कानाला ऐकू आलं तसं लिहून ठेवलं, म्हणून तर कळलं."

"आता काय करायचं?"

"आता काय करणार? साठ वर्षांनी खिडकी लावू?" त्यांनी रजिस्टर मिटलं. "पण हे मी कचऱ्यात जाऊ देणार नाही."

दुसऱ्याच आठवड्यात आवारात स्किप येऊन उभा राहिला, बांधकामाचा राडारोडा नेतात तसला मोठा लोखंडी डबा. त्यात खाटा पडू लागल्या, कमोडच्या खुर्च्या, जुने एक्स-रे. शुलाबाई रोज सकाळी बाजाराला न्यायची चौकटीच्या कापडाची चाकांची ट्रॉली घेऊन कामावर यायच्या आणि संध्याकाळी तीत एक रजिस्टर घालून, वर कोबीचा गड्डा किंवा पावाचा लोफ ठेवून, २५३ नंबरच्या बसने क्लॅप्टनला घरी न्यायच्या. एका फेरीत एकच, कारण दोन घातली की चाक वाकायचं. अडतीस दिवस. पंचावन्न वर्षांची बाई, आणि त्यांच्या कौन्सिल फ्लॅटच्या इमारतीची लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद. चौथा मजला.

मी एकदा विचारलं, "हे बेकायदा आहे ना?"

"आहे."

"पकडलं तर?"

"तर पेन्शन जाईल." मग म्हणाल्या, "तू मला पाहिलं नाहीस. समजलं?"

मी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मदतही केली नाही. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि मला नवी नोकरी मिळवायची होती. जूनमध्ये बेथ रफाएलच्या दाराला फळ्या ठोकल्या. माझ्या नवऱ्याला स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर काम मिळालं, मलाही तिकडच्याच एका लॅबमध्ये जागा मिळाली आणि आम्ही लंडन सोडलं.

स्लाऊहून क्लॅप्टनला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. मी वर्षातून एकदा, फार तर दोनदा गेले असेन. शुलाबाई दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाच वर्षं काम करून १९९१ला रिटायर झाल्या. तिथे सगळं कॉम्प्युटरवर होतं. "नंबर टाकायचा, नंबर निघतो. माणूस मध्ये कुठे येतच नाही," असं फोनवर म्हणाल्या होत्या. त्या स्वतः कधी फोन करत नसत. मी केला की दुसऱ्या रिंगला उचलत, म्हणजे फोनजवळच बसलेल्या असत.

फ्लॅटमध्ये दोन खोल्या. आतल्या खोलीत पलंगावर आणि भिंतीकडेने ती अडतीस रजिस्टरं, प्रत्येक जुन्या चादरीत बांधलेलं, चादरीवर बेथ रफाएलचा शिक्का. त्या स्वतः बाहेरच्या खोलीत कोचावर झोपत. ९२च्या जानेवारीत गेले तेव्हा त्या घरात कोट घालून बसल्या होत्या.

"हीटर बंद पडलाय का?"

"नाही, आत लावलाय." त्यांनी आतल्या खोलीकडे मान हलवली. "या भिंतींना ओल येते. कागदाला बुरशी धरली की संपलं."

मी आत जाऊन पाहिलं. खोली छान उबदार होती. परत येऊन त्यांच्यासमोर बसले तर माझ्या तोंडातून वाफ निघत होती. मी म्हटलं, "शुलाबाई, अहो, हे काय आयुष्य आहे?"

त्यांनी मला चहा ओतून दिला. "सांगू का तुला, या पुस्तकांत अकरा हजारांवर माणसं आहेत. मी मोजलीत. एकेकाला जाऊन बघते अधूनमधून. पण बोलायला..." त्या थांबल्या. "बोलायला कुणी नाही हे खरंच आहे. मागच्या आठवड्यात दूधवाल्याला गुड मॉर्निंग म्हटलं तर माझा आवाज मलाच वेगळा वाटला. मग लक्षात आलं, चार दिवसांत बोललेच नव्हते."

त्या दिवशी घरी परतताना मी ठरवलं की दर महिन्याला यायचं. पुढच्या वेळी गेले तेव्हा नऊ महिने झाले होते.

९३मध्ये आमच्या हॉस्पिटलच्या पत्रकात एक छोटी बातमी आली. वैद्यकाच्या इतिहासाचं एक ग्रंथालय लंडनमधल्या जुन्या ज्यू हॉस्पिटलांची, दवाखान्यांची, आजारी माणसांना मदत करणाऱ्या मंडळांची कागदपत्रं गोळा करत होतं. कुणाकडे काही असल्यास कळवावं. मी ते कात्रण पाकिटात घालून पाठवलं. सात महिने काही उत्तर नाही. मग एका संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांचा फोन आला.

"मीनल, ती मुलगी आली तर मला अटक करवेल का?"

"कोण मुलगी?"

"त्या ग्रंथालयातली. मी पत्र टाकलंय. तू ये त्या दिवशी."

मी रजा काढून गेले. सोफी नावाची तिशीची आर्किव्हिस्ट आली, म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळणारी. सर्दी झालेली, हातात वही. शुलाबाईंनी आतल्या खोलीचं दार उघडलं, एका गाठोड्याची गाठ सोडली. सोफीने सुती हातमोजे चढवून १९११चं रजिस्टर उघडलं. बराच वेळ नुसती पानं उलटत राहिली.

"आम्हाला वाटलं होतं हे सगळं गेलं," ती शेवटी म्हणाली. "हे तुम्ही इथे कसं आणलंत?"

"ट्रॉलीने."

"एकटीने?"

शुलाबाईंनी मान हलवली. अटकेचा विषय कुणी काढला नाही. सोफीने कागदपत्रांत 'बंद पडलेल्या हॉस्पिटलातून खासगी व्यक्तीने जतन केलेले' असं लिहून घेतलं. ९४च्या मार्चमध्ये व्हॅन आली. दोन माणसांनी तासाभरात सगळं खाली नेलं. ज्याला अडतीस दिवस लागले होते त्याला एक तास. मी नंतर फोन केला तेव्हा शुलाबाई म्हणाल्या, "हीटर बाहेर आणलाय. पण मला गरम सहन होत नाही आता. बंदच ठेवते."

मे महिन्यात त्या ग्रंथालयात गेल्या. नीट साडी नेसून, वर कोट घालून. वाचनकक्षात चिठ्ठी भरली: रजिस्टर, १९२८. सोफी स्वतः बाहेर आली, तिचा चेहरा पडला होता. पेशंटची माहिती शंभर वर्षं कुणालाही दाखवता येत नाही, असा नियम होता. १९२८चं रजिस्टर २०२९मध्ये उघडणार.

"तेव्हा मी अठ्ठ्याण्णव वर्षांची असेन," शुलाबाई म्हणाल्या.

"आय अ‍ॅम सो सॉरी, मिस वाक्रूळकर." सोफीने आडनाव नीट उच्चारलं होतं. तिने घरी तयारी केली असावी.

"सॉरी कशाला? नियम बरोबर आहे. मीसुद्धा हाच केला असता."

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, शांतपणे. पण मला वाटतं त्या दिवसापासूनच त्यांना स्वस्थ बसवेना. पान बंद झालं तरी पानातला मजकूर त्यांना पाठ होता. शेवटच्या ओळीत त्या सुताराला कुठल्या दफन मंडळाने नेलं ते लिहिलं होतं. त्यांनी त्या मंडळाच्या ऑफिसला पत्र टाकलं. ऑगस्टमध्ये उत्तर आलं: शहराच्या पूर्वेकडच्या स्मशानभूमीत, गरिबांच्या रांगेत, दगड नाही, फक्त नंबर. नावापुढे नातलगाच्या रकान्यात एक नोंद होती, 'वाराचा पती'.

ते पत्र मला फोनवर, नाव गाळून, वाचून दाखवताना शुलाबाई हसायला लागल्या. इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांना मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांना ठसका लागला, मग एकदम गप्प झाल्या. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"आहे मी," त्या म्हणाल्या. "मीनल, त्याच्यासाठी कद्दिश म्हणायला हवी. मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना. कुणीच म्हटली नसणार. तिला दहा पुरुष लागतात."

"मग?"

"मग काय. दहा पुरुष मी कुठून आणू? मला एकाचाच नंबर माहीत आहे. तोही बदलला नसेल तर."

अठ्ठावीस वर्षांनी त्यांनी हिलेल किहीमकरला फोन केला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तीन दिवसांनी मला एवढंच सांगितलं, "येतो म्हणालाय. माणसं जमवतो म्हणालाय."

डिसेंबरातला पहिला रविवार. त्या सुताराच्या मृत्यूची तारीख चार डिसेंबर होती. नवऱ्याची गाडी घेऊन मी शुलाबाईंना क्लॅप्टनहून नेलं. स्मशानभूमी सपाट, मोकळी, दूरवर गॅसच्या टाक्या. हिलेल आधीच येऊन उभे होते. सत्तरीला आलेले, उंच, डोक्यावर ट्वीडची टोपी, हातात काठी. त्यांच्या मागे आणखी सहा म्हातारे, सगळे बेने इस्राएल, कुणी हॅरोचे, कुणी इलफर्डचे. आम्ही अर्धा तास थांबलो. एकाची गाडी बिघडली होती. एकाचा गुडघा. एकाने फोनवर साफ सांगितलं होतं की साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या परक्या माणसासाठी त्याला न्यूमोनिया करून घ्यायचा नाही.

"सातच झालो, शुला," हिलेल म्हणाले.

"दिसतंय."

"सातात कद्दिश होत नाही."

"माहीत आहे मला."

मग त्या सात जणांनी मिळून एक स्तोत्र म्हटलं, त्याला दहाची अट नसते. सूर वेगवेगळे, कुणाचा दम पुरत नव्हता. स्तोत्र संपल्यावर हिलेल गवताच्या त्या पट्ट्याकडे पाहून मराठीत म्हणाले, "एलोजीभाऊ, उशीर झाला आम्हाला. रागावू नकोस." ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शुलाबाईंनी आठ वर्षांत मला ते सांगितलं नव्हतं. त्यांनी ज्यू रीतीप्रमाणे खिशातून एक गुळगुळीत खडा काढून नंबराच्या पाटीपाशी ठेवला.

बाहेर पडताना सगळ्यांनी नळावर हात धुतले. पाणी बर्फासारखं. हिलेल शुलाबाईंच्या शेजारी उभे होते. मी दोन पावलांवर, त्यामुळे ऐकू आलं.

"कशी आहेस तू?"

"ठीक."

"रूथला जाऊन चार वर्षं झाली." रूथ म्हणजे त्यांची बायको.

"ऐकलं होतं. वाईट झालं."

"शुला, मी तेव्हा मुंबईला..."

"हिलेल," शुलाबाई म्हणाल्या, "माझ्या पिशवीत फ्लास्क आहे. सगळ्यांना पुरेल का बघ."

सात म्हाताऱ्यांनी, मी आणि शुलाबाईंनी, कागदी कपांतून अर्धा-अर्धा कप चहा घेतला. हिलेलनी नंतर एक-दोनदा फोन केला, सणाला बोलावलं. शुलाबाई एकदा गेल्याही. "सगळे चांगले वागले," एवढंच म्हणाल्या. "पण त्यांच्या गप्पा कशाकशावरून सुरू होतात ते मला ठाऊकच नाही. तीस वर्षांच्या गोष्टी मागून कशा समजून घेणार?" पुन्हा गेल्या नाहीत.

सोफीने मात्र एक चांगलं केलं. जुन्या डॉक्टरांचं अक्षर तिथे कुणालाच लागत नव्हतं. तिने वरिष्ठांची परवानगी काढून शुलाबाईंना मदतनीस म्हणून बोलावलं. गुप्ततेच्या कागदावर सही घेतली आणि मग नियमानेच त्यांना सगळी रजिस्टरं उघडायला मिळाली. दर मंगळवारी त्या जायच्या, तीन वर्षं. मागच्या खोलीत सोफीच्या समोर बसून अनुक्रमणिका तयार करायच्या. सोफीने त्यांना विचारलं होतं की सूचीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव घालू का. त्या नको म्हणाल्या. सोफीने आग्रह केला तर म्हणाल्या, "मी कुठे अ‍ॅडमिट होते?"

९८च्या हिवाळ्यात जिन्यावर पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. एकटं राहणं अशक्य झालं. भाऊ मनाशे इस्रायलहून येऊन त्यांना लोद गावी घेऊन गेला. त्यांना जायचं नव्हतं. मी एअरपोर्टवर गेले होते. व्हीलचेअरमध्ये त्या अगदी लहान दिसत होत्या. मनाशे तिकिटांच्या रांगेत उभा असताना त्या मला म्हणाल्या, "तू येत जायचीस, मीनल. आणखी यायला हवं होतंस, पण येत जायचीस." मी खाली बसून त्यांच्या पायावरचं ब्लँकेट उगाच सारखं केलं.

तिथून त्यांची पत्रं येत, निळ्या पातळ कागदावर. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की गल्लीभर मराठी ऐकू येतं, शेजारी शेवग्याच्या शेंगा आणून देतात, भावाच्या सुना अहोजाहो करतात. 'सगळे प्रेमाने वागतात. दिवसभर घरात माणसं असतात. आणि मला लंडनच्या बसची आठवण येते, हे कुणाला सांगायची सोय नाही.' दुसऱ्यात तब्येतीचं होतं. तिसरं ९९च्या सप्टेंबरात आलं, अक्षर जरा हललेलं. मनाशेची नात त्यांना आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी सरकारी दवाखान्यात नेते. तिथल्या रेकॉर्डच्या खिडकीत एक रशियन बाई बसते. बाई कष्टाळू आहे, पण फायली आडनावाने लावायच्या की नंबराने हे तिचं अजून ठरलेलं नाही, म्हणून पेशंटना तास-तास थांबावं लागतं. शुलाबाईंना हिब्रू नीट येत नाही आणि त्या बाईला इंग्रजी येत नाही. तरी येत्या गुरुवारी काठी घेऊन खिडकीपर्यंत जाऊन, खुणा करून का होईना, तिच्याशी बोलून बघणार आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.